न नेलेल्या काचा

मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. पत्रकाची एक शिस्त असते. पहिल्या ओळीत आरोप, दुसरीत पुरावा, तिसरीत मागणी. आणि आरोपी कायम दुसरा कुणीतरी. मामलेदार, मालक, मंत्री. या लिखाणात आरोपी मीच आहे, त्यामुळे ती शिस्त इथे चालायची नाही.

फोटो काढायला शिकलो तो कलेसाठी नव्हे, चिखलासाठी. आमच्या खाडीवर धक्का नव्हता. मुंबईची लाँच खोल पाण्यात उभी राहायची आणि ओहोटी असली की उतारूंनी मांडीभर चिखल तुडवत होडीपर्यंत जायचं, मग होडीतून लाँचवर. बायका लुगडी वर खोचून, डोक्यावर गाठोडी घेऊन. आजारी माणूस असला तर खुर्चीला बांबू बांधायचे आणि चौघांनी उचलायचा. अडलेली एक बाळंतीण त्या खुर्चीत मी माझ्या डोळ्यांनी बघितली आणि घरी जाऊन पत्रक लिहिलं. मग दुसरं. मग तिसरं, त्यात ‘निर्लज्ज’ हा शब्द ओळीआड होता. वाण्याने त्याच्यात हळद बांधून दिली.

संयुक्त महाराष्ट्राच्या एका सभेनंतर मुंबईहून आलेल्या वक्त्याने माझं पत्रक उलटसुलट करून बघितलं. म्हणाला, “अरे, ज्यांना वाचता येतं ते चिखलात उतरत नाहीत. जे उतरतात त्यांना वाचता येत नाही. लिहितोस काय? दाखव!”

दाखवायचं कशाने, ते मला तिथल्या तिथे सुचलं. आमच्या शाळेत जादूचा कंदील धूळ खात पडला होता. काचेवरचं चित्र आत सरकवायचं, मागे गॅसबत्ती लावायची, समोर पांढरं धोतर ताणायचं. चित्र पुरुषभर मोठं दिसतं. त्यात आधी रामायण दाखवत. मी चिखल दाखवणार होतो.

अलिबागच्या बाजारात एका माडीवर फोटोचं दुकान होतं. मालक पूर्वी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

“फोटो शिकायचाय? कशाला?” त्यांनी विचारलं.

“अन्याय दाखवायला.”

“उत्तम. आधी झाडू दाखवतो.”

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव ‘पुढारी’ ठेवलं, ते कायमचं. मला ठेवून घ्यायचं त्यांचं कारण मला नंतर कळलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. बारीक कामाला त्यांना तरुण डोळे हवे होते. पगार नाही, शिकवणी फुकट.

काळ्या कापडाखाली पहिल्यांदा डोकं घातलं तेव्हा मी हसलोच. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर सगळं उलटं दिसतं. समोर बसलेला इनामदार पाय वर, पागोटं खाली. मी म्हटलं, “मास्तर, हे यंत्र क्रांतिकारक आहे.” ते म्हणाले, “कान बघ त्याचा. कानाची पाळ रेखीव दिसली की डोळा आपोआप नीट येतो. माणूस बघू नकोस, पाळ बघ.” मी पाळ बघायला शिकलो. भिंगावरची टोपी काढायची, आकडे मोजायचे, टोपी घालायची. उत्तरेच्या खिडकीचा उजेड सकाळी किती, ढगात किती, हे बोटांना कळायला लागलं.

तोवर फिल्म आली होती, पण मास्तर काचेवरच काढत. समुद्राच्या दमट हवेत काचेला बुरशी लागते, म्हणून पेट्यांमध्ये भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या ठेवायच्या आणि दर पंधरवड्याला ते तांदूळ पुन्हा भाजायचे. बाजारातल्या विहिरीचं पाणी मचूळ. त्यात काच धुतली तर मिठाचे डाग उरतात. म्हणून नागावच्या रस्त्यावरच्या एका वाडीतून सायकलला दोन डबे लावून मी गोडं पाणी आणायचो. वाडीची मालकीण रोज विचारायची, “एवढं पाणी? लग्न आहे का काय फोटोवाल्याकडं?”

तंत्राला चार महिने पुरले. माणसं शिकायला जास्त लागले, आणि ते मी नीट शिकलोच नाही. नवरा खुर्चीत बसणार, बायको उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर, खांद्यावर नाही. पालीकडचे भातशेतीवाले कोर्टाच्या कामाला आले की दुकानातला कोट घालून फोटो काढून घेत. कोट एकच होता, जाड्याला पुढून उघडा ठेवायचा आणि बारक्याला मागून चिमटे लावायचे. तिघांचा फोटो काढायचा नाही, एक जण जातो. तिघे आलेच तर मास्तर लाकडी पोपट चौथा म्हणून मध्ये ठेवत. म्हाताऱ्या माणसांना वाटायचं फोटोने आयुष्य कमी होतं. आणि हार. फोटोला हार म्हणजे माणूस गेलेला. दुकानात नवरदेवाचा फोटो वाळत घातला असताना एकदा मी खिळ्यावरचा झेंडूचा हार त्याच्याजवळ टांगला, तर वरमाय किंचाळली.

मी चिडायचो. देश स्वतंत्र झाला आणि यांचा पोपट काही उडेना! मी मास्तरांना भाषण द्यायचो. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “पुढारी, फोटो काढणाऱ्याचा नसतो. काढून घेणाऱ्याचासुद्धा नसतो. तो घरात मागे उरणाऱ्यांचा असतो.” मला हे सोवळ्यातलं तत्त्वज्ञान वाटायचं.

सगळ्यात जास्त भांडण रिटचिंगवरून. काचेवर पांढऱ्याचं काळं असतं, त्यामुळे हिशेब उलटा: पेन्सिल फिरवली की कागदावर तो भाग उजळतो, सुरीने खरवडलं की काळा पडतो. देवीचे व्रण पेन्सिलीने बुजवायचे, विरळ भुवई सुरीने दाट करायची. “हे खोटं आहे,” मी म्हटलं. “देवीचे व्रण तो रोज आरशात बघतो,” मास्तर म्हणाले, “वर्षातून एकदा फोटो काढतो, तेव्हा तरी त्याला सुट्टी दे.” काम मी केलं, आणि चांगलं केलं. पण प्रत्येक व्रण बुजवताना मला मी भांडवलशाहीचा भाडोत्री असल्यासारखं वाटायचं. हसू नका. खरंच वाटायचं.

हाताला सवय व्हावी म्हणून मास्तरांनी मला दहा काचा दिल्या. बसायला कुणीही पकडून आण, छापून मात्र द्यायचं नाही, ज्याला हवा त्याने पैसे देऊन न्यावा. मी आमच्या खाडीवर होडी चालवणाऱ्या कोळ्याच्या पोराला आणलं. माझ्याच वयाचा. रोज मला अलीकडे सोडायचा आणि भाडं घ्यायचा नाही. म्हणायचा, “पुढाऱ्याकडून पैसं घ्यायचं आनि धक्का मागायचा कुनाकडून?”

खुर्चीत बसल्याबरोबर त्याने हात गुडघ्यांवर ठेवले, शिकवावं लागलं नाही.

“हलू नकोस. श्वास धर,” मी कापडाखालून म्हटलं.

“किती येल?”

“चार आकडे.”

“चार? पान्याखाली शंभर धरतो मी.”

तिसऱ्या आकड्याला तो हसला. मी गडबडलो आणि टोपी घालायला उशीर केला. काच धुऊन निघाली ती गडद, जाड. मास्तरांनी ती खिडकीशी धरली, डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. “उजेड फार खाल्लाय हिने. पण चेहरा आहे. धीराने छापली तर निघेल.” मला त्या काचेची लाज वाटली. पोराला मी सांगितलं, बिघडली. तो म्हणाला, “ऱ्हाऊं दे, हंगाम संपला क नेतो. आयेला दावीन.” आणि ती काच गेली ‘न नेलेल्या’ पेटीत.

या पेटीबद्दल सांगायला हवं. ज्यांनी फोटो काढला पण छापून नेला नाही, त्यांच्या काचा मास्तर एका वेगळ्या लाकडी पेटीत ठेवत. बहुतेक सगळी गरीब माणसं. वहीत प्रत्येकाची नोंद, काचेच्या कागदावर तोच क्रमांक. मी एकदा म्हटलं, “ही अडगळ कशाला?” मास्तर म्हणाले, “माणसं फोटो न्यायला येत नाहीत. काच मागायला येतात. कधी दहा वर्षांनी.”

माघात मास्तर गणपतीच्या जत्रेला पालीला गेले. चार दिवस दुकान माझ्याकडे. आणि त्या रविवारी खाडीपलीकडच्या पटांगणात माझा जादूच्या कंदिलाचा पहिला कार्यक्रम होता. चिखलाचे सहा फोटो तयार होते. पण नुसत्या फोटोंनी काय होतं? प्रत्येक फोटोआधी दोन-तीन घोषणा हव्यात. स्वच्छ काचेवर काळ्या शाईने अक्षरं रंगवायची: ‘खाडी आमची, चिखल आमचा, मत कुणाचं?’ त्याला काच हवी होती. ती बाजारात माप देऊन मुंबईहून मागवावी लागायची, त्यात आठ दिवस जायचे.

मी पेट्या उघडल्या. इनामदाराची काच हातात घेतली आणि परत ठेवली. मास्तरांच्या लक्षात आलं असतं. वकिलांची ठेवली. व्यापाऱ्यांची ठेवली. मग ‘न नेलेल्या’ पेटीपाशी आलो. पंधरा काचा काढल्या. सगळ्यात आधी माझ्या हातच्या, बिघडलेल्या. बादलीत कढत पाणी, मूठभर धुण्याचा सोडा. थोड्या वेळाने काचेवरचा थर सायीसारखा सुटतो आणि वर तरंगतो. बोटाने लोटायचा. चेहरे बघितले का? नाही. मी काच स्वच्छ झाली का तेच बघत होतो.

गरिबांसाठी पत्रकं लिहिणाऱ्या माणसाने श्रीमंतांच्या काचा जपल्या आणि गरिबांच्या धुतल्या. हे वाक्य मी दुसऱ्या कुणाबद्दल लिहिलं असतं तर ठळक टाइपात छापलं असतं.

कार्यक्रम दणक्यात झाला. दिवेलागणीला सगळा कोळीवाडा, आगरआळी, मुसलमान मोहल्ला, सगळे जमले. होडीवाला पोरगा मदतीला आला होता. पडदा वाऱ्याने फडफडत होता, त्याचा बांबू त्याने धरला. मला हळूच विचारलं, “ह्यात मी दिसन कं रं?”

“हा तमाशा नाही,” मी म्हटलं. “इथे प्रश्न दाखवायचेत, तोंडं नाही.”

“बरं, पुढारी,” तो म्हणाला, आणि शेवटपर्यंत बांबू धरून उभा राहिला. घोषणा पडद्यावर उजळल्या तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातली कुठली काच कुणाची होती, मला ठाऊक नव्हतं.

मास्तर परत आले. पेटी हलकी लागली, म्हणून त्यांनी उघडली.

“कुणाच्या धुतल्यास?”

“कुणाच्याच नाही. न नेलेल्या.”

त्यांनी वही काढली, मला शेजारी बसवलं आणि प्रत्येक क्रमांकापुढचं नाव मला मोठ्याने वाचायला लावलं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून असेल, किंवा नसेल. पंधरा नावं झाल्यावर म्हणाले, “काच बाजारात मिळते रे.” मग पेटी बंद करून जागेवर ठेवली. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला आपल्या मालाची पडली आहे.

वैशाखाच्या अखेरीला तो पोरगा पेंढ्याचा मचवा घेऊन चाललेल्या तांडेलाबरोबर मुंबईला निघाला. पावसाआधीची शेवटची फेरी. वाटेत वादळ झालं. मचव्याची फळकुटं मिळाली, तिघे जण मिळाले, तो मिळाला नाही.

आषाढात त्याची आई दुकानात आली. बाजारात मासळी विकायची, मास्तर तिला ओळखत. टोपली जिन्यात ठेवून ती वर आली. दारातच म्हणाली, “मास्तर, माजे पोराचा फोटू काडलेला ना ह्या बालानं? त्यानं सांगितलेला माना. त्यो छापून द्या. माना त्याचा तोंड बगाचा हाय.”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नसणार, पण ते बघत राहिले. मला बोलायला वेळ दिला. चार आकड्यांपेक्षा खूप जास्त वेळ. मी टेबलावरचा कागद सरळ करत होतो.

“काच फुटली, बाय,” मास्तर म्हणाले. “माझ्या हातून.”

“फुटली?”

“फुटली.”

“मग तुकडं द्या. मी जोडतं.”

“तुकडेही टाकले.”

यानंतर तिने मास्तरांना ज्या शिव्या दिल्या त्या मला लिहिता येणार नाहीत. बाजारातली माणसं जिन्यात जमली. आंधळ्या, तुझ्या डोळ्यांत माती जावो. काच सांभाळता येत न्हाय तर दुकान कशाला मांडलंस. माझ्या लेकराला दोनदा बुडवलास. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मी तिथेच होतो. ‘मूग गिळून बसलेले’ हा शब्दप्रयोग मी पत्रकांत नगरपालिकेच्या सभासदांसाठी वापरायचो.

ती दमली तेव्हा मास्तरांनी पाणी दिलं आणि विचारलं, “त्याच्यासारखं दिसणारं घरात कोण आहे?”

ही धंद्यातली जुनी रीत. गेलेल्या माणसाचा फोटोच नसला तर त्याच्या चेहऱ्याच्या भावाला किंवा मुलाला त्याचे कपडे घालून बसवायचं, फोटो काढायचा आणि बाकीचं रिटचिंगने करायचं. मी या रीतीला दुकानात उभं राहून फसवणूक म्हटलं होतं.

“भाव न्हाय त्याला,” आई म्हणाली. “भईन हाय. पाठची. दोगांचा तोंड येकच.”

बहीण काशीदजवळ दिलेली होती. आठ दिवसांनी आली ती कपाळाला आठी घालूनच. “मेल्याचा फोटू काडायला जितीला बसवताव? माजे सासूला कळला तर माना घरात घेन ती?” आई म्हणाली, “गप बस, तुजा भाव हाय.” मग तिने भावाचा सदरा घातला, केस त्याच्या टोपीत कोंबले आणि खुर्चीत बसली. हात गुडघ्यांवर.

मास्तरांनी आकडे मोजले. सुरी मात्र माझ्या हातात. काच उजेडावर धरून मी बसलो आणि आई माझ्या खांद्याशी उभी राहिली. नाकातल्या मोरणीचं भोक पेन्सिलीने बुजवलं. मिशी खरवडायला लागलो तशी ती म्हणाली, “येवडी न्हाय रं. आताच फुटलेली. कोवली.” मग, “डावी भिवई तुटलेली ना त्याची? दोर लागलेला. तू तं रोज त्याचे होडीत बसाचास, तुना ठाव हाय.”

मला ठाऊक नव्हतं. रोज होडीत मी पत्रकाचा मसुदा वाचायचो. आणि ज्या एका दिवशी त्याच्याकडे टक लावून बघितलं, त्या दिवशी तो काचेवर उलटा होता आणि मी त्याच्या कानाची पाळ बघत होतो. दुनियेत फक्त मी एकट्याने त्याचा चेहरा पकडला होता आणि तो कसा होता हे मला एका बाईला विचारावं लागत होतं. ती सांगत गेली. मी खरवडत गेलो. ओठाच्या कडेला मी थांबलो, कारण तिथे तीसुद्धा थांबली. “हसाचा,” म्हणाली, “तवा कसा व्हायचा… तू कर काय तरी.”

मी काहीतरी केलं.

फोटो फ्रेम करून कोळीवाड्यात पोचवला. ती खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “सदरा त्याचाच.” भिंतीवर लावला. आणि इथे गोष्ट अशी अडकली की मला, शास्त्र-रूढींच्या शत्रूला, आधी कळलंच नाही. हार आणलेला होता. आईने तो उचलला आणि तसाच धरून राहिली. चेहरा मुलीचा. मुलगी जिवंत, तिच्या पोटात मूल. जिवंत तोंडाला हार कसा घालायचा?

हार घातला नाही. हार नाही म्हणजे माणूस आहे. शेजारणी यायच्या, भिंतीकडे बघायच्या, एकमेकींकडे बघायच्या. हळूहळू आईच बोलायला लागली: कुणी सांगितलं, असाच एक खलाशी कराचीला उतरवलेला, एक तर पाच वर्षांनी आलेला. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, ती क्रिया भटजी सुचवायचे. ती म्हणायची, “फोटूला हार हाय कं? मंग?” दिवसकार्याला नाही म्हणाली, वर्षश्राद्धालाही नाही. बंदरात मोठं गलबत आलं की टोपली टाकून जायची. लेक माहेरी यायची बंद झाली. आपलंच तोंड भिंतीवरून भाऊ म्हणून बघतंय, त्याखाली ती जेवायला बसत नव्हती.

अशी तीन वर्षं. धक्का झाला नाही. मी आणखी पत्रकं लिहिली.

गेल्या पावसाळ्यात मास्तर गेले. शेवटी त्यांना काहीच दिसत नव्हतं. ती बाई बाजारात त्यांच्यासमोरून जाताना दर वेळी तोंड फिरवायची आणि ते पायांच्या आवाजावरून ओळखून म्हणायचे, “बाय, बरी आहेस?” तिने कधी उत्तर दिलं नाही. त्यांच्या तेराव्याला मी हे कुणाला तरी सांगायला तोंड उघडलं आणि जेवणाच्या पंगतीत पुन्हा मिटलं.

गौरींच्या दिवशी मी कोळीवाड्यात गेलो. कशी कोण जाणे, लेक त्या वर्षी आली होती, मांडीवर पोर. ती फोटोकडे पाठ करून बसली होती. आई जाळं दुरुस्त करत होती.

“मावशी,” मी म्हटलं, “काच फुटली नव्हती. मास्तरांनी नाही फोडली. मी धुतली.”

“धुतली म्हंजे?”

मी सांगितलं. सोडा, कढत पाणी, घोषणा. त्याने पडद्याचा बांबू धरला होता तेही सांगितलं. तिचा हात थांबला नाही. सुई जाळ्यातून जात होती, येत होती.

“तवाच सांगतास तं तुना शिव्या दिल्या असत्या,” ती म्हणाली. “त्या म्हाताऱ्याला दिल्या सगल्या. आता माजेकरं उरल्या न्हाईत.”

तिने जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली.

“धुतलीस ता पानी कुठं वतलंस?”

“मागच्या दारी. गटारात.”

“गटार कुठं जाता?”

“खाडीला.”

सुई थांबली. “म्हंजे तो तवाच गेला,” ती म्हणाली, “आनि मी गलबता बगतं.” मला वाटलं आता ती उठेल, मारेल. मारायला हवं होतं. ती उठली, भिंतीवरचा फोटो काढला, पदराने पुसला आणि लेकीच्या पुढ्यात ठेवला. “हा तुजा. घेऊन जा. सासूला सांग, नाटकात काडलेला.”

त्या पितृपंधरवड्यात सर्वपित्रीला दर्भाचा पुतळा करून क्रिया झाली. लोक म्हणाले, बरं झालं, म्हातारी शुद्धीवर आली. झालं असेल बरं. पण फोटो खोटा होता तरी तीन वर्षं ती रोज सकाळी त्याच्याशी बोलायची, शेजारणीने मला सांगितलं. आता भिंतीवर काही नाही. खोट्याच्या विरुद्ध मी इतकी पत्रकं लिहिली. एकदाच खरं बोललो ते उशिरा, आणि त्याने तिच्याजवळ होतं तेवढंही नेलं.

लेक निघाली त्या दिवशी मी खाडीवर होतो. ओहोटी होती. पोर कडेवर, फोटो टोपलीत उपडा, लुगडं वर खोचलेलं. मी टोपली धरायला पुढे झालो. तिने दिली नाही.

“सांगून टाकलंस,” ती म्हणाली. “हलका झालास ना?”

आणि ती चिखलात उतरली.